इंदूर ते रायपूर : एक तास पंचेचाळीस मिनिटे

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज मंगलाला रायपूरहून फोन आला. मी दारात उन्हाला बसून पेपर वाचत होतो. ती नुसती ‘जी, जी’ म्हणत होती, म्हणून वाटले बँकेचा असेल. फोन ठेवून ती आत गेली, भाजी परतली आणि मग बाहेर येऊन म्हणाली की रायपूरजवळ एका संस्थेला केळीच्या खोडातून धागा काढायला शिकवणारी बाई पाहिजे आहे. अकरा महिन्यांसाठी. राहायला खोली देतात, आणि आधी जागा बघून जा म्हणून विमानाची तिकिटेही पाठवतात.

मी विचारले, मग तू काय म्हणालीस. ती म्हणाली, विचार करून सांगते म्हणाले.

नोंद करून ठेवतो. चौतीस वर्षे मालगाडीवर गार्ड होतो, रोजच्या रोज लिहायची सवय आहे. जे लिहिले नाही ते घडलेच नाही, असे आम्हाला शिकवलेले. तर मंगला, वय पंचावन्न, शिक्षण दहावी. बारा वर्षांपूर्वी जवळच्या फोपनार गावी मथुराबाई नावाच्या बाईंच्या केळीच्या मळ्यात एक शिबिर झाले, तिथे हे काम शिकली. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस तिकडे जाते आणि पिशव्या, चटया, टोपल्या करते. मी त्याला छंद समजत होतो. छंदासाठी कोणी विमानाची तिकिटे पाठवत नाही, हे मान्य.

ती जाणार नाही. घर कोण बघेल?

११ जानेवारी, शनिवार

आमची मुलगी प्राजक्ता इंदूरला शाळेत शिकवते. ती पूर्णपणे आईच्या बाजूने आहे. तिने फोनवर एक पान पाठवले. इंदूर ते रायपूर, हवाई अंतर सुमारे ६४० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १ तास ४५ मिनिटे. मंगलाने फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, सिनेमासुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो.

मी तिला समजावून सांगितले की वेळ घरापासून घरापर्यंत मोजायचा असतो. विमानवाले फक्त हवेतला वेळ सांगतात. इंदूर आपल्या बऱ्हाणपूरपासून एकशे ऐंशी किलोमीटर, तेही घाट चढून, आणि तेही उत्तरेला. रायपूर आहे पूर्वेला. म्हणजे पूर्वेला जायचे म्हणून आधी उत्तरेला जायचे, हा काय हिशेब झाला?

“गाडी लावताना आधी यार्डात मागे घेतातच की,” मंगला म्हणाली.

रेल्वेवाल्याची बायको आहे.

१५ जानेवारी, बुधवार

इतवारा मोहल्ल्यात चहाला निंबा भेटला. निंबा माझ्यासारखाच रेल्वेतून निवृत्त, रूळ बदलणारा पॉइंट्समन होता, आता सिंधीपुऱ्यात आमच्यापासून दोन घरे सोडून राहतो. त्याला सगळे सांगितले. अंतर म्हणजे गंमत नव्हे, इकडे माणूस एकटे असते, आजारपण येते, नळ गळतो, पाहुणे येतात, विचारायला कोणी नसते, असे बरेच बोललो. निंबाने बशीतला चहा संपवला.

“म्हणजे बाई परगावी आणि नवरा घरी. आपलं होतं त्याच्या उलटं,” तो म्हणाला.

मी म्हटले, तेच तर सांगतोय. निंबाने दुसरा चहा सांगितला.

ठरवले आहे की जागा बघायला मीही बरोबर जाणार. वाद नको, पुरावा गोळा करतो.

२० जानेवारी, सोमवार, रायपूर

प्रवासाचा तपशील.

घर सोडले ५.१०. बस सुटली ५.३५. असीरगडापाशी अजून अंधार होता. खंडव्याला पोहे. मोरटक्क्याला मंगलाने नर्मदेला हात जोडले, मीही जोडले. पुढे रस्त्याचे काम, धूळ. इंदूरचा बसस्टँड १०.४०. रिक्षाने विमानतळ ११.२५. प्राजक्ता दारात डबा घेऊन उभी होती. आईला मिठी मारली, माझ्या हातातली वही बघून म्हणाली, “बाबा, आप लिखते रहो, आम्ही जातो आत.” ती गंमत होती, तिला आत सोडत नाहीत.

आत पट्टा, पाकीट, घड्याळ सगळे ट्रेमध्ये काढून ठेवायला लावले. घड्याळ दोन मिनिटे माझ्याजवळ नव्हते, याचीही नोंद करतो. विमान १.२० चे, धुक्यामुळे आधीच्या फेरीला उशीर, म्हणून सुटले २.४०. मी मंगलाला म्हटले, बघ. ती म्हणाली, तुमच्या गाड्या धुक्यात काय धावत होत्या?

विमानात ती खिडकीशी बसली. पंखे लावलेले छोटे विमान. उडताना मी समोरच्या खुर्चीचा खिसा धरून ठेवला होता, तो शिवण बघण्यासाठी. थोड्या वेळाने मंगला माझ्या कानाशी येऊन म्हणाली की खालची शेते तिच्या चटईसारखी दिसतात, उभे-आडवे धागे. मी वाकून बघितले. दिसतात खरी.

उतरलो ४.२५. बाहेर ४.५०. संस्थेच्या गाडीने केंद्रावर ५.३५.

एकूण बारा तास पंचवीस मिनिटे. त्यात हवेत एक तास पंचेचाळीस. पुरावा स्वच्छ आहे.

२१ जानेवारी, मंगळवार, रायपूर

केंद्र म्हणजे पत्र्याची मोठी शेड, मागे केळीची बाग. वीसेक बायका जमल्या होत्या. मला कोपऱ्यात खुर्ची दिली. संस्थेच्या बाईंनी मंगलाला सांगितले की थोडे करून दाखवा, नुसती ओळख म्हणून.

मंगलाने साडीचा पदर खोचला, खोडाचा एक पदर सोलून फळीवर ठेवला आणि पट्टीने खरवडायला लागली. गर निघून गेला आणि खाली पांढरा धागा दिसायला लागला. बायका खुर्च्या सोडून जवळ सरकल्या. मंगला हिंदीत बोलत होती, मोठ्या आवाजात, मध्येच एका पोरीचा हात धरून पट्टी किती तिरपी धरायची ते दाखवत होती. त्या पोरीचा धागा तुटला, तर मंगला म्हणाली, “मेरे तो पहले महीने में सब टूटे.” सगळ्या हसल्या.

ती घरात एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाही. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. मला जेवायला तीन वाजता मिळाले.

२३ जानेवारी, गुरुवार

घरी पोहोचलो. मी सगळा तपशील एका कागदावर नीट उतरवून मंगलापुढे ठेवला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग विचारले, “इटारसीहून घरी यायला तुम्हाला किती लागायचं?”

मी म्हटले, चार तास दहा मिनिटे, पॅसेंजर असेल तर साडेपाच.

“आणि यायचात किती दिवसांनी?”

मी एकोणीस वर्षे इटारसीला होतो. पंधरा दिवसांनी येत असे, कधी वीस. मी तिला सांगितले की ती ड्यूटी होती. तिने कागदाची घडी करून माझ्या वहीत ठेवली आणि कुकर लावायला गेली. प्रश्नाचा रोख नीट कळला नाही. चार तास आणि बारा तास यांची बरोबरी होत नाही.

२६ जानेवारी, रविवार

मंगला म्हणाली, जात नाही. रायपूरला तसे कळवलेही. कारण विचारले तर म्हणाली, तुमचं जेवणाचं कोण बघणार.

निर्णय योग्य झाला. दुपारी स्वतः जाऊन मावा जिलेबी आणली. तिने एक खाल्ली.

१ फेब्रुवारी, शनिवार

घरी सगळे ठीक. मंगला बोलते, हसते, विचारले की उत्तर देते. फोपनारला मात्र आठवडाभर गेली नाही. म्हणाली, सारखं काय जायचं. प्राजक्ताचा फोन आला की आईशीच बोलते आणि ठेवून देते. मी जिंकलो आहे, तरी घरात कोणी आजारी असल्यासारखे वाटते. बहुतेक हवा बदलली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मथुराबाई आल्या. सत्तरीच्या आहेत, फोपनारहून बसने एकट्या येतात, डोक्यावर धाग्यांचे गाठोडे. मंगला दळण आणायला गेली होती, म्हणून मीच चहा केला. साखर जास्त पडली. त्यांनी निमूट घेतला.

त्या म्हणाल्या, मंगला गेली असती तर बरं झालं असतं. मी अंतराचे सांगायला लागलो, वहीही काढली. त्या ऐकत होत्या. मग सहज सांगावे तसे सांगायला लागल्या.

त्यांची आणि मंगलाची ओळख शिबिरातली नाही. मला शिबिरातलीच वाटत होती. ती ओळख दवाखान्यातली. ज्या वर्षी तापीला मोठा पूर आला त्या वर्षी त्यांचा नातू भरती होता, आणि शेजारच्या खाटेवर आमची प्राजक्ता, सात वर्षांची, तापाने बेशुद्ध. पावसात रिक्षा मिळेना म्हणून मंगला तिला पाठीवर घेऊन चालत आलेली. घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ शेजारीण बसवून. चार दिवस मंगला दवाखान्यातल्या फरशीवर झोपली. दिवसातून दोनदा घरी जाऊन आईचे करायची आणि परत यायची.

“इटारसीले फोन लावला होता तिनं. साहेब म्हने, ते लाइनवर हायेत. मंग तिनं परत नाही लावला,” मथुराबाई म्हणाल्या. “तुम्हाले काय मालूम असनार, भाऊ. तुम्ही आले तवा पोरगी खेळत होती.”

त्या गेल्यावर माळ्यावरची पेटी काढली. माझ्या सगळ्या जुन्या वह्या तिच्यात आहेत. ते वर्ष शोधले. त्या आठवड्यात कोणत्या गाडीला किती डबे होते, कुठे किती मिनिटे थांबलो, ते सगळे आहे. अकरा दिवसांनी घरी आलो त्या दिवशी लिहिले आहे, ‘बऱ्हाणपूर. घरी सर्व कुशल.’

अक्षर माझेच आहे. बराच वेळ ते पान उघडे ठेवून बसलो होतो. मंगला आली आणि विचारले, पेटी का काढली? मी म्हटले, झुरळे बघत होतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि मीही निवडायला लागलो. तिने बघितले आणि टोपली मध्ये सरकवली. मी विचारले, प्राजक्ताच्या तापाचे मला का सांगितले नाहीस?

तिला कोणी सांगितले असेल ते लगेच कळले. “सांगितलं होतं. थोडा ताप होता म्हणाले होते.”

“थोडा?”

“तुम्ही दोन दिवसांसाठी यायचात. त्यात तापाचं काय सांगायचं. तुम्ही हसत यायचात, पेरू आणायचात. म्हटलं, दोन दिवस चांगले जाऊ देत.”

मी मेथीची काडी टोपलीत टाकत होतो आणि पाने कचऱ्यात. तिने माझ्या हातातून जुडी काढून घेतली. मी म्हटले, रायपूरला फोन कर.

“जेवाल काय?”

“शिकेन.”

“आणि ते बारा तास पंचवीस मिनिटं?”

मी म्हटले, ते मी घालवीन. पंधरा दिवसांनी मी येत जाईन, तू यायचे नाहीस.

तिने जुडी बाजूला ठेवली. मग जे म्हणाली ते जसेच्या तसे लिहितो. “मी जाईन. पण तुम्ही हो म्हटलं म्हणून नाही. मला पहिल्या दिवसापासून जायचंच होतं.”

मी म्हटले, ठीक आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रायपूरच्या बाई म्हणाल्या की नकार आल्यावर त्यांनी दुसऱ्या एका बाईला विचारले आहे. तिचे उत्तर आले की कळवतील.

मंगला म्हणाली, जाऊ द्या. आणि बसने फोपनारला निघून गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर नाही. आज तिच्या फोनची घंटी चार वेळा वाजली, चारही वेळा मी आधी उठलो. दोन कंपनीचे, एक प्राजक्ताचा, एक चुकीचा नंबर. निंबाला सांगितले तर तो म्हणाला, आधी जाऊ नये म्हणून आजारी होतास, आता जावी म्हणून आजारी आहेस, तुला पाहिजे तरी काय? ही जागा गेली तर ती माझ्यामुळे गेली, एवढे मला कळते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्या बाईचे जमले नाही. जागा मंगलाची. तीन मार्चला हजर व्हायचे.

तिने फोन ठेवला आणि उभ्या उभ्याच पदराने तोंड पुसले. मग म्हणाली, चला, आजपासून वरण.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिकलेले पदार्थ : वरण, भात, खिचडी, बटाट्याची भाजी. पोळी नाही. माझी पोळी बघून मंगला इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. इतवाऱ्यात एक बाई पोळ्या करून देते, तिच्याशी बोलून आली.

१ मार्च, शनिवार

मंगला गेली. मी बसस्टँडपर्यंतच गेलो, इंदूरला प्राजक्ता सांभाळणार होती. खिडकीतून तिने सांगितले की मोहरी दुसऱ्या फळीवर आहे, निळ्या झाकणाच्या डब्यात, आणि दूधवाल्याला अर्धा लिटरच सांगा. बस हलली तरी ती सांगत होती. हिंगाचे काय म्हणाली ते ऐकू आले नाही.

आता हिंग कुठे आहे, माहीत नाही.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी सातला तिचा फोन येतो. काल तिला सांगायच्या म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. पहिली सांगून होते तोच ती म्हणाली, उद्या बोलते, बायका थांबल्यात. उद्या म्हणजे आज, आज ती वर्गातच होती.

परवा कुकरचे झाकण काढताना वाफेने डाव्या हाताची दोन बोटे भाजली. मोठे काही नाही, पट्टी बांधली आहे. तिला सांगितले नाही. ती तिकडे कामात, ऐकून काय करणार? घरी सगळे ठीक आहे असे सांगितले.

२१ मार्च, शुक्रवार, रायपूर

पंधरा दिवस म्हणालो होतो, होळी मध्ये आली म्हणून वीस झाले.

या खेपेला धुके नव्हते. विमान वेळेवर. शेजारी एक तरुण बसला होता, रायपूरचाच, त्याने विचारले, अंकल, बिझनेस के लिए? मी म्हटले, बायको नोकरीला आहे. त्याने मान डोलावली, जणू रोजचीच गोष्ट. मी आणखी सांगणार होतो पण त्याला झोप लागली.

केंद्राच्या दारात रखवालदाराने नाव विचारले. दिगंबर म्हणून सांगितले, त्याला काही बोध झाला नाही. मग म्हटले, मंगला मॅडमचा नवरा. तो लगेच उठला आणि खुर्ची दिली.

शेडमध्ये वर्ग चालू होता. मंगलाने लांबून मला पाहिले, हात वर केला आणि एका पोरीबरोबर खोलीची किल्ली पाठवली. निरोप होता की सात वाजतील, जेवून घ्या.

मी जेवलो नाही. खोली लहान आहे. एक पलंग, एक शेगडी, खिडकीत धाग्यांच्या लडी वाळत घातलेल्या. तांदूळ, डाळ सापडली, खिचडी टाकली आणि बसून राहिलो. सात वाजले, साडेसात वाजले. खिचडी दोनदा गरम केली, खाली थोडी लागली. इटारसीहून मी येणार असायचो त्या दिवशी ती काय करत असेल, असे मनात आले. गाड्या तेव्हा फार उशिरा धावायच्या.

पावणेआठला ती आली. पायातल्या चपला काढता काढता तिची नजर माझ्या बोटांवर गेली.

“हे कधी झालं?”

“थोडंच आहे,” मी म्हटले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही तेव्हा कळले की मी काय म्हणालो. मग तिने पट्टी सोडून बोटे उजेडात धरली, नीट बघितली, परत बांधली आणि म्हणाली, “आता सगळं सांगा. झाकण कसं काढलं तिथपासून.”

मी झाकणापासून सुरुवात केली. हिंग सापडत नाही तेही सांगितले, प्राजक्ताने माझ्याशी बोलणे पुन्हा सुरू केले तेही. तिने लागलेली खिचडी दोन वेळा वाढून घेतली. मग तिची पाळी. वीस बायकांपैकी सतरा टिकल्या आहेत. एकीचा नवरा येऊ देत नव्हता, तर मंगला त्याच्या घरी जाऊन बसली आणि चहा पिऊन आली. पहिल्या आठवड्यात ती स्वतः दोनदा रडली, एकदा परत यायचे म्हणून पिशवीही भरली होती. मला फोनवर यातले काहीच सांगितले नव्हते. मी ऐकत होतो. माझ्या घरी एवढी बोलणारी बाई एकोणतीस वर्षे होती.

२३ मार्च, रविवार, रायपूर विमानतळ

दुपारचे विमान आहे. काल दिवसभर शेडमध्ये खोडे उचलून दिली, कंबर धरली आहे. बायका मला भाऊजी म्हणतात.

आज निघताना मंगला रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, वही काढा, लिहून घ्या. पुढच्या खेपेला आणायचे. इतवाऱ्यातल्या लोहाराकडून खरवडायच्या सहा पट्ट्या, फार धार न लावलेल्या. मथुराबाईंकडून वाळवलेल्या धाग्याचा नमुना. दराबा मिठाई, सतरा जणींना पुरेल एवढी. घरातली तिची चॉकलेटी शाल. मी गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होतो.

“आणखी?” मी विचारले.

ती रस्त्याकडे बघत होती. “आणखी दोन दिवस.”

“कशाचे?”

“तुमचे,” ती म्हणाली आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला.

तेही लिहून घेतले.